चोरून घेतलेली विश्रांती, मागून घेतलेला रविवार

आजचा भाग सुट्टीवर आहे. म्हणजे सुट्टीत कुठं फिरायला जावं यावर नाही, तर सुट्टी मुळात आली कुठून यावर.

विषय सुचला तो तुमच्याच पत्रांवरून. ‘कामातून ब्रेक घेणं का गरजेचं आहे यावर एकदा बोला’ असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. आता यावर सल्ले भरपूर मिळतात. पन्नास मिनिटं काम करा, दहा मिनिटं उठा, पाणी प्या, खिडकीबाहेर बघा. सल्ले वाईट नाहीत. पण मला त्यात एक गोष्ट नेहमी खटकते. विश्रांती हा जणू प्रत्येकानं आपापला सोडवायचा प्रश्न आहे, असं ते धरून चालतात. तुम्ही ब्रेक घेत नाही, म्हणजे तुम्हालाच नियोजन जमत नाही! इतिहास मात्र वेगळंच सांगतो. विश्रांती माणूस घेतोच, तिच्याशिवाय शरीर चालत नाही. प्रश्न एवढाच असतो, की ती तो हक्कानं घेतो की चोरून. आणि हे सांगणारी गोष्ट फार लांबची नाही. लालबाग-परळची आहे.

पण मुंबईला जायच्या आधी थोडं गावाकडे थांबू.

देशावरच्या कितीतरी गावांत सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. सोमवार महादेवाचा आणि नंदी महादेवाचा, म्हणून त्या दिवशी औत बंद. शेतीकाम बंद ठेवायच्या अशा दिवसाला काही भागांत ‘मोडा’ म्हणतात. मोडा पाळायचा म्हणजे पाळायचा. एखाद्यानं त्या दिवशी औत जुंपलंच, तर गाव त्याला नावं ठेवतं. शिवाय वर्षातून एकदा बैलाचा सण, कुठं बेंदूर तर कुठं पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल लावून तो चोळायचा, ही किती समजूतदार चाल आहे बघा. खांदा दुखतो हे मान्य करणारा सण आहे हा.

शेतकऱ्याचं आयुष्य काही सुखाचं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. पण शेतीच्या कामाला एक चढउतार असतो. पेरणी-कापणीला उसंत नसते आणि मध्ये काही आठवडे जरा सैल जातात. आठवड्याचा बाजार असतो, जत्रा असते, एकादशी असते. काम आणि विसावा यांची वीण गावानं एकत्र बसून घातलेली असते. ती एकट्यादुकट्याच्या मर्जीवर सोडलेली नसते.

आता याच गावांतून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतून माणसं मुंबईला निघाली. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 पासून ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत गिरण्यांचं रान माजलं. 1890 च्या सुमारास मुंबई शहरात सत्तरच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यांत सुमारे साठ हजार माणसं राबत होती. पुरुष होते, बायका होत्या आणि लहान मुलंही होती.

या गिरण्यांचा दिवस ठरायचा उजेडावर. विजेचे दिवे आलेले नव्हते. उजाडलं की यंत्रं सुरू, मावळलं की बंद. ऐकायला हे शेतीसारखंच वाटतं ना? पण फरक लक्षात घ्या. शेतातला माणूस झाडाखाली टेकू शकतो. गिरणीत वाफेचं इंजिन फिरतंय, त्याच्यावर पट्टे फिरतायत, पट्ट्यांवर साचे. इंजिन दमत नाही. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून दहा-साडेदहा तास काम. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून तेरा-चौदा तास. म्हणजे ज्या दिवसांत अंगाची सगळ्यात जास्त लाही होते, त्याच दिवसांत काम सगळ्यात जास्त! आत कापसाची रुई हवेत तरंगत असायची. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली. कामगाराच्या घरी घड्याळ कुठलं? गिरणीचा भोंगा हेच घड्याळ.

आठवड्याची सुट्टी? ती ठरलेली नव्हती. दिवाळी-होळीसारख्या सणांना गिरण्या बंद असायच्या. महिन्यातून काही दिवस यंत्रांच्या साफसफाईसाठीही गिरणी थांबायची. पण ती कुणासाठी? यंत्रासाठी! यंत्र थांबलं तरी कामगारानं यायचंच. हात काळे करून दुपारपर्यंत साफसफाई करायची आणि मग घरी जायचं. मला या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. गावी बैलाला सोमवार होता. इथं इंजिनालाही विश्रांती मिळत होती, कारण ती दिली नाही तर इंजिन बिघडतं आणि त्याचा खर्च मालकाच्या खिशातून जातो. माणूस बिघडला तर दारात दुसरा उभा होताच.

मग माणूस काय करायचा? खाडा करायचा.

‘खाडा’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एका निवृत्त गिरणी कामगाराच्या तोंडून. गैरहजेरी म्हणजे खाडा. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार गेला. गिरणगावात हा शब्द इतका रुळला होता, की त्याला कुठलाही दोष चिकटलेला नव्हता. अंग कसकसतंय, खाडा. गावाहून कुणी आलंय, खाडा. भातलावणीला, शिमग्याला, गणपतीला कोकणात जायचंय, मोठा खाडा. मालक म्हणायचे, हे लोक बेशिस्त आहेत, कामावर टिकत नाहीत. पण ज्याला सुट्टीच नाही, त्यानं सुट्टी घ्यायची ती अशीच. पगार सोडून, आणि नोकरी राहील की जाईल या धाकात.

या कामगारांसाठी पहिला कायदा आला 1881 मध्ये. त्याच्यामागं निखळ कळवळा होता असं म्हणता येत नाही. मुंबईच्या गिरण्या स्वस्तात सूत-कापड काढू लागल्या, तसं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या पोटात दुखू लागलं. आमच्याकडं कामाच्या तासांवर बंधनं आहेत, मग हिंदुस्थानात का नाहीत, हा त्यांचा सवाल. दुसऱ्या बाजूला सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखी मुंबईचीच मंडळी होती. त्यांना खरोखर वाटत होतं, की निदान बायका-मुलांच्या कामाला तरी काही मर्यादा असावी. या सगळ्या ओढाताणीतून जो कायदा निघाला, तो होता फक्त मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही. त्यांना दिवसातून एक तास विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्ट्या. मोठ्या माणसांबद्दल, बायकांबद्दल कायदा गप्प.

आता या गोष्टीत एक माणूस येतो. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म 1848 चा, ठाण्याचा. आधी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी आणि मग गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे साच्यावर उभा राहणारा कामगार नव्हे, पण गिरणीच्या आत काय चालतं ते रोज डोळ्यांनी बघणारा माणूस. जोतीराव फुल्यांचा सहकारी, सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ नावाचं पत्र सुरू केलं होतं. 1880 मध्ये ते मुंबईला आलं आणि लोखंडे त्याचे संपादक झाले. गिरणी कामगाराचं दुखणं छापून येईल अशी एक जागा त्यामुळं तयार झाली.

1884 मध्ये सरकारनं मुंबईत एक फॅक्टरी आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार. कामगारांचं कोण बोलणार? लोखंड्यांनी सप्टेंबर 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक निवेदन तयार केलं. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या काय होत्या, ते नीट ऐका. दर रविवारी सगळ्यांना सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर कुणी जखमी झाला, तर त्याची काही सोय व्हावी.

यादीच्या सुरुवातीलाच विश्रांती आहे, पगारवाढ नाही. मी हे निवेदन पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथंच थांबलो होतो. जो माणूस इतक्या कमी पैशांत राबतो, तो आधी पैसे मागेल असं आपल्याला वाटतं. हे लोक आधी वेळ मागतायत. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. साच्यावरची बरीचशी माणसं उक्त्यावर काम करायची, जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी. गिरणी रविवारी बंद राहिली, तर त्यांची त्या दिवसाची कमाई बुडणार होती. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पदरचे पैसे घालून हे लोक रविवार मागत होते.

मिळालं काय? पुढची पाच-सहा वर्षं, काहीच नाही.

मग 1890 साल उजाडलं. त्या मार्चमध्ये बर्लिनला युरोपातल्या देशांची कामगारांच्या प्रश्नांवर परिषद भरली. रविवारची सुट्टी, बायकांचं आणि मुलांचं काम, हे विषय तिथं चर्चेला होते. हिंदुस्थानातल्या गिरण्यांचं काय, असा प्रश्न विलायतेत पुन्हा विचारला जाऊ लागला. इकडं मुंबईत लोखंड्यांनी वेळ ओळखली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर कामगारांची सभा भरली. जवळजवळ दहा हजार माणसं आली होती. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. 1890 सालची गोष्ट आहे ही! घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या बाईनं तेव्हा चार माणसांत तोंड उघडायची चोरी होती, आणि इथं गिरणीतल्या बायका दहा हजारांच्या सभेत उभ्या राहून सुट्टी मागत होत्या. सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला. 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

तर मंडळी, मुंबईच्या गिरणी कामगाराचा रविवार हा असा आला. जोतीराव फुले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले. म्हणजे आपल्या सहकाऱ्यानं मिळवलेला हा रविवार त्यांच्या डोळ्यांदेखत मिळाला.

इथं बरेच जण मला विचारतात, की रविवारच का? तो तर ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा दिवस. सरकारी कचेऱ्या साहेबामुळं रविवारी बंद असायच्या हे खरंच. पण गिरणीतल्या बहुतेकांच्या घरी रविवार परका नव्हता. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीला जाणाऱ्या, तळी उचलणाऱ्या घरांत रविवारचं महत्त्व आधीपासून होतं. लोखंड्यांनी रविवार मागताना खंडोबाचा आधार घेतला, असं आपल्याकडं सांगतात. साहेबाच्या सोयीचा वार आणि आपल्या देवाचा वार एकच निघाला. मागणी पटवून द्यायला आणखी काय हवं?

मग या रविवारी लोक करायचे काय? झोपायचे, हे पहिलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मग गावाला पत्र. स्वतःला लिहिता येत नसेल तर लिहिणाऱ्याला गाठून. बाजार. हजामत. तालीम, भजन, तमाशा. गावकीच्या बैठका, कारण एकेका गावची माणसं एकेका खोलीत गाळा करून राहायची आणि गावचे व्यवहार इथूनच चालायचे. पुढं कामगार चळवळ वाढली, तेव्हा सभा भरवायला मोकळा दिवस होता तो हाच. मला वाटतं, मालकांना रविवारची खरी भीती वाटायला हवी होती ती यामुळं. ज्याला रिकामा वेळ नाही, तो कुणाला भेटत नाही. जो भेटत नाही, तो आपलं दुखणं एकट्याचंच समजतो. विश्रांतीनं नुसतं अंग हलकं होत नाही, माणसाला शेजारचा माणूस दिसायला लागतो.

पण रविवार सगळ्यांना सारखाच मिळाला, असं कुणी समजू नये. गिरणगावात एकट्या आलेल्या पुरुषांना जेवू घालायच्या खाणावळी बायका चालवायच्या. पुरुषांची सुट्टी म्हणजे खाणावळवाल्या बाईचा सगळ्यात मोठा कामाचा दिवस! आणि जी बाई स्वतः गिरणीत जात होती, कांडी खात्यात आठवडाभर उभी राहत होती, तिच्या रविवारात धुणं, दळण, पाणी, आठवड्याची साठलेली सगळी कामं. भोंगा वाजला नाही एवढाच काय तो फरक. हे आजही फारसं बदललेलं नाही. आपल्या घरात रविवारी चमचमीत जेवण होतं, तेव्हा सुट्टी नक्की कुणाची असते ते ज्यानं त्यानं आपापल्या स्वयंपाकघरात डोकावून बघावं.

बरं, मालकांनी सुट्टी मान्य केली, पण ती होती त्यांच्या मर्जीवर. त्याला कायद्याचं बळ मिळालं 1891 च्या कायद्यानं. त्याआधी 1890 मध्ये जो आयोग बसला, त्याच्या मुंबईतल्या कामात सोराबजी बंगाली होते आणि या वेळी लोखंडेही होते. नव्या कायद्यानं सगळ्या कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली. दुपारी अर्धा तास काम बंद. बायकांना जास्तीत जास्त अकरा तास काम आणि त्यात दीड तास विश्रांती. मुलांचं किमान वय सातवरून नऊवर गेलं आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र अजून हात लागला नव्हता.

त्या वेळच्या राष्ट्रीय बाण्याच्या वर्तमानपत्रांनी, ‘केसरी’नंसुद्धा, या कायद्यांना विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, हा लँकेशायरचा कावा आहे, आपला बाळसं धरणारा धंदा मारायचा डाव आहे. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण देशी धंद्याच्या काळजीत देशी कामगाराचा खांदा कुणाला दिसत नव्हता. ‘दीनबंधु’ला दिसत होता.

लोखंडे 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगनं गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. पुढं 2005 मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. कधीकाळी टपाल खात्यात नोकरी केलेल्या माणसाचं तिकीट!

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत एक नवी वस्तू आली. विजेचा दिवा.

आजवर कामगाराची बाजू घेणारा एकच साक्षीदार होता, तो म्हणजे सूर्य. तो मावळला की मालकाचाही नाइलाज व्हायचा. दिवा आला आणि हा साक्षीदार बडतर्फ झाला. 1905 च्या सुमारास कापडाला मागणी होती, धंदा तेजीत होता आणि कितीतरी गिरण्या पहाटे पाचला सुरू होऊन रात्री आठ-नऊपर्यंत चालू लागल्या. दिवसाचे चौदा-पंधरा तास. ‘टाइम्स ऑफ इंडिया’सारख्या इंग्रजांच्या वर्तमानपत्रानंसुद्धा त्या वर्षी या हालांवर झोड उठवली. कामगार चिडले, गिरण्यांवर दगडफेक झाली. लक्षात घ्या, रविवार होता, अर्ध्या तासाची सुट्टी होती, सगळं कागदावर होतं. पण एका नव्या यंत्रानं सहा दिवसच इतके लांबवले, की सातव्या दिवसाला अर्थ उरला नाही.

मग पुन्हा आयोग. 1907-08 मध्ये फॅक्टरी लेबर कमिशन बसलं. या कमिशनपुढं जे आलं, त्यासाठी मी आजचा हा सगळा भाग करतोय. गिरण्यांकडून सांगण्यात आलं, की साहेब, तास चौदा दिसतात, पण हे लोक कुठं चौदा तास काम करतात? मधेच उठतात, आवारात जातात, विडी ओढतात, पाणी पितात, गप्पा मारतात, जेवतात. दिवसातला बराच वेळ असाच जातो. यांना विश्रांती मिळतेच की, कायदा कशाला हवा?

म्हणणं खोटं नव्हतं. कामगार खरोखरच उठून जायचे. आपला साचा शेजाऱ्याच्या नजरेवर सोपवून दहा मिनिटं बाहेर. मग शेजारी जाणार आणि हा दोन्ही साचे बघणार. याला मालकांनी नाव ठेवलं होतं उंडारणं, टंगळमंगळ. पण चौदा तास उभं राहायचं असेल तर दुसरं काय करणार? ही कामगारांनी आपापसांत, कुणालाही न विचारता लावून घेतलेली पाळी होती. गावच्या मोड्यासारखीच सामाईक, पण लपूनछपून. जॉबरच्या शिव्या खात आणि दंडाची भीती बाळगत.

कमिशनमधल्या बहुतेकांना पुरुषांचे तास कायद्यानं थेट बांधणं नको होतं. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी मात्र वेगळी मतपत्रिका जोडली आणि मोठ्या माणसांच्या तासांवरही सरळ मर्यादा घाला असं सांगितलं. ते स्वतः डॉक्टर होते. माझ्या शब्दांत सांगायचं तर मुद्दा सोपा आहे. माणूस चौदा तासांतून दोन तास चोरतो, कारण चौदा तास काम अंगाला झेपतच नाही. मग ते दोन तास त्याला उजळ माथ्यानं घरी जायला का देऊ नयेत? चोरलेल्या विश्रांतीत शीण जात नाही. एक डोळा दाराकडे असतो. आवारात बसून ओढलेली विडी आणि घरच्या उंबऱ्यावर बसून ओढलेली विडी, यांत फरक आहे.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. 1911 च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. 1920 च्या जानेवारीतल्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. 1922 च्या कायद्यानं आठवड्याला साठ तास ठरवले, 1934 च्या कायद्यानं बारमाही कारखान्यांसाठी ते चोपन्न केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना 1945 मध्ये कारखान्यांतल्या कामगारांना वर्षाकाठी भरपगारी सुट्ट्या देणारी दुरुस्ती झाली आणि 1946 मध्ये आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. उक्त्यावरच्या साचेवाल्यांनी पदरमोड करून रविवार मागितला होता, त्याला आता साठ वर्षं होऊन गेली होती. सुट्टीचे पैसेही मिळायला हवेत, ही गोष्ट कायद्यात यायला इतका काळ जावा लागला. मग 1948 चा कारखाना कायदा. आठवड्यातून एक सुट्टी, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती. तुमच्या जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा उघडता ना, तो अर्धा तास 1884 च्या त्या निवेदनातला आहे.

आता आज काय आहे ते बघू. विजेचा दिवा आता आपल्या खिशात आहे. मोबाइलमुळं कचेरी संध्याकाळी मावळत नाही. मी स्वतः नोकरी करत होतो तेव्हा एका ठिकाणी रविवारी दुपारी ग्रुपवर मेसेज यायचे. ‘घाई नाही, सवडीनं बघा’ असं त्यात लिहिलेलं असायचं. पण पहिला जो उत्तर देईल तो मेहनती, हे सगळ्यांनाच कळायचं. कुणी सुट्टी काढून घेतली नव्हती, आणि तरी ती राहिलेली नव्हती. मग त्याच कचेरीत काय व्हायचं? सोमवारी लोक तास तास चहाच्या टपरीवर दिसायचे. स्क्रीनवर एक एक्सेल उघडी ठेवून मागं क्रिकेटचा स्कोअर बघायचे. साहेब म्हणायचे, लोक कामचुकार झालेत. हेच वाक्य 1908 मध्येही म्हटलं गेलं होतं. रविवार हक्काचा मिळाला नाही, की सोमवार चोरून घेतला जातो. हिशेब शेवटी जुळतोच, फक्त सगळ्यांची मनं खट्टू होतात.

आणि जो पोरगा आपल्याला दहा मिनिटांत किराणा आणून देतो, त्याचं काय? त्याला कामगार म्हणतच नाहीत, ‘पार्टनर’ म्हणतात. त्यामुळं अठ्ठेचाळीस तास नाहीत आणि साप्ताहिक सुट्टीही नाही. ॲप बंद केलं की सुट्टी, आणि त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणजे पुन्हा खाडाच. सवा-दीडशे वर्षांत आपण फिरून तिथंच आलो. मध्यंतरी आठवड्याला सत्तर तास काम करावं की नव्वद, अशीही चर्चा रंगली होती. मला त्यात गंमत वाटली ती ही, की चर्चा करणाऱ्यांत ज्याला खरोखर सत्तर तास राबावं लागतं असा कुणीच नव्हता. तो रस्त्यावर होता.

म्हणून जेव्हा मला कुणी विचारतं, की ब्रेक घेण्याचा फायदा काय, त्यानं काम चांगलं होतं का, तेव्हा मी थोडा अडखळतो. होत असेल, होतंच. पण लोखंड्यांच्या निवेदनावर सही करणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या माणसांनी ‘रविवार द्या म्हणजे आम्ही सोमवारी जास्त सूत काढू’ असं म्हणून तो मागितला नव्हता. बैलाचा खांदा आपण हळद लावून चोळतो, तो पुढच्या वर्षी जास्त नांगरट व्हावी एवढ्यासाठीच का? तो दुखतो, आणि दुखतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून.

तेव्हा या आठवड्यात एकच करा. स्वतः ब्रेक घ्या हे तर आहेच. पण तुमच्या हाताखाली कुणी काम करत असेल, घरी कामाला कुणी येत असेल, तर त्यांचा सुट्टीचा दिवस कोणता ते आधी विचारा. ठरलेला नसेल तर ठरवून टाका, आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका. आणि त्या दिवशी त्यांना फोन करू नका, ‘घाई नाही’ असं म्हणूनसुद्धा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात कुणी गिरणीत असेल, त्यांच्या रविवारच्या आठवणी असतील, तर जरूर लिहून पाठवा. खास करून आज्यांच्या. त्यांचा रविवार कसा जायचा, हे मला ऐकायचं आहे. भेटू पुढच्या भागात. तोवर, नमस्कार.